विलेनडॉर्फ: मूर्ती व्हिएन्नात, माती गावात

हिमयुगातली ‘विलेनडॉर्फची व्हीनस’ ही छोटी स्त्रीमूर्ती जिथे सापडली, ते ऑस्ट्रियातलं गाव बघायला आम्ही गेलो. सर्वांत उपयोगाची सूचना आधीच देऊन टाकतो. लोअर ऑस्ट्रिया या प्रांतात विलेनडॉर्फ नावाची दोन गावं आहेत आणि दोन्हीकडे रेल्वे जाते. आम्ही मोबाइलवर नुसतं ‘विलेनडॉर्फ’ टाकलं, तर ॲपने बिनदिक्कत दक्षिणेकडचं, नॉयनकिर्खेन जिल्ह्यातलं गाव दाखवलं. तिकिटाचे पैसे भरायच्या बेतात होतो, तेवढ्यात मुलगी म्हणाली, “बाबा, या रस्त्यावर डॅन्यूब कुठाय?” नदी नव्हतीच. तेव्हा शोधताना पूर्ण नाव लिहा: विलेनडॉर्फ इन डेर वाखाऊ. प्रशासनाच्या दृष्टीने हे गाव आग्सबाख नावाच्या नगरपालिकेत मोडतं. नगरपालिका म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसं काही नाही; चार वस्त्या मिळून सहाशे-सातशे माणसं.

एवढ्याशा जागेसाठी एक अख्खा रविवार कशाला, असं व्हिएन्नातल्या ओळखीच्यांनी विचारलंच. वाखाऊ म्हणजे मेल्क ते क्रेम्स हा साधारण ३५ किलोमीटरचा डॅन्यूबचा पट्टा. पर्यटक मेल्कचा मठ बघतात, बोटीत बसतात, ड्युर्नश्टाइनला उतरून इंग्लंडच्या राजा रिचर्डला ११९२-९३ च्या हिवाळ्यात जिथे कोंडलं होतं त्या पडक्या किल्ल्यापर्यंत धापा टाकत चढतात आणि संध्याकाळी परत. विलेनडॉर्फ बोटीतून दिसतं आणि मागे पडतं. मला मात्र ती जमीन बघायची होती. १९०८ साली ७ ऑगस्टला तिथे एका मजुराच्या खोदकामात चुनखडीच्या दगडाची, जेमतेम ११ सेंटिमीटर उंचीची बाई सापडली होती.

आम्ही जाताना क्रेम्सकडून गेलो आणि तुम्हीही तसंच करा. व्हिएन्नाच्या फ्रान्झ-योझेफ स्थानकावरून क्रेम्सला थेट गाडी मिळते, तासाभराचा प्रवास. तिथून वाखाऊबान ही एकेरी मार्गाची छोटी रेल्वे नदीच्या डाव्या काठाने एमर्सडॉर्फपर्यंत जाते. ती फक्त हंगामात धावते, वसंतापासून शरदापर्यंत. ऐन हिवाळ्यात जाणार असाल तर बसच. गाडीची चाल रमतगमत. रूळ रस्त्यापेक्षा वरच्या अंगाने जातात, त्यामुळे द्राक्षमळे, छपरं आणि पाणी असं सगळं एकाच नजरेत येतं. डाव्या बाजूच्या खिडकीत बसा, नदी तिकडेच आहे.

या रेल्वेचा आणि त्या मूर्तीचा थेट संबंध आहे. मार्ग १९०९ मध्ये सुरू झाला. त्याआधी उतार कापायचं काम चाललं असताना विलेनडॉर्फच्या आसपास जुनी हाडं आणि गारगोटीची हत्यारं वर येणार हे अभ्यासकांना ठाऊक होतं. गावात आधीपासून तसं सापडत होतं. म्हणून व्हिएन्नाच्या शाही संग्रहालयाने उत्खनन लावलं. योझेफ सोंबाती, हूगो ओबरमायर आणि योझेफ बायर हे तिघे त्यावर होते. मूर्ती मातीतून उचलली ती मात्र योहान वेरान नावाच्या मजुराने, असं नोंदीत येतं. तिघा विद्वानांची नावं पुस्तकांत ठळक, याचं कुठेतरी कोपऱ्यात. आपल्याकडच्या उत्खननांचं तरी काय वेगळं आहे म्हणा.

विलेनडॉर्फचं स्टेशन म्हणजे फलाट आणि पाटी. उतरलो तेव्हा आमच्याखेरीज सायकल घेतलेले दोघेच होते. शोधस्थळ चालत काही मिनिटांवर, रुळांलगतच्या उतारावर आहे. तिथे मूर्तीची मोठी प्रतिकृती उभी केलीय आणि माहितीफलक आहेत. खरं सांगायचं तर फोटो काढून दहा मिनिटांत मोकळं होता येईल. पण थांबा आणि मातीकडे बघा.

ती पिवळट, पिठासारखी माती म्हणजे लोएस. हिमयुगात आल्प्सच्या हिमनद्या दगड दळत होत्या. ते दगडाचं पीठ नद्यांच्या पात्रांतून पसरायचं, वारा ते उचलायचा आणि डोंगराच्या आडोशाला आणून टाकायचा. हजारो वर्षं, थरावर थर. त्या काळात इथे झाडी विरळ होती, गवताळ माळ होता, मॅमथ फिरत होते, आणि त्यांच्या मागावरची माणसं नदीकाठच्या या आडोशाला तळ ठोकत. तळ उठला की त्यावर धूळ बसायची. पुन्हा कुणी यायचं, पुन्हा धूळ. विलेनडॉर्फच्या मुख्य स्थळावर अशा वस्तीचे नऊ थर मोजले गेले आणि मूर्ती सगळ्यांत वरच्या थराशी निगडित आहे. वय साधारण २९,५०० वर्षं. लोएस चुनखडीयुक्त असतो, हाडं त्यात टिकतात. क्रेम्सच्या वाख्टबर्गवर २००५ मध्ये नवजात जुळ्यांचं दफन सापडलं, वर मॅमथच्या खांद्याचं हाड झाकलेलं. जवळपास ३१,००० वर्षं जुनं. तेही याच मातीच्या कृपेने आपल्यापर्यंत पोचलं.

दगड मात्र इथला नाही. मूर्ती ज्या ऊलाइटची, म्हणजे माशाच्या अंड्यांसारख्या बारीक गोळ्यांच्या चुनखडीची आहे, तसा दगड या भागात मिळत नाही. २०२२ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातल्या मंडळींनी तिचं बारीक स्कॅनिंग करून जे मांडलं, त्यानुसार दगड बहुधा उत्तर इटलीतल्या गार्दा सरोवराच्या बाजूचा. म्हणजे मूर्ती, निदान तिचा दगड, आल्प्सला वळसा घालून कुणाच्या तरी हातातून, पिढ्यान्‌पिढ्या म्हणा हवं तर, इथवर चालत आला. विलेनडॉर्फची म्हणून जगभर ओळखली जाणारी बाई मुळात परगावची. हे मला फार आवडलं. मुलीला त्यापेक्षा जर्दाळू आवडले.

कारण आम्ही गेलो जुलैत. वाखाऊच्या जर्दाळूला युरोपीय संघाचं उगमस्थानाचं संरक्षण आहे, आणि इथे त्याला ‘आप्रिकोझे’ म्हटलं तर लोक समजून घेतात पण मनातून नाराज होतात. शब्द आहे ‘मारिले’. रस्त्याकडेला टोपल्या, बाजूला पैशांचा डबा, विकणारा गायब. सुट्टी नाणी जवळ ठेवा. मार्चअखेर ते एप्रिलच्या आसपास फुलोरा असतो, तेव्हा म्हणे सगळा काठ पांढरा-गुलाबी होतो आणि गर्दीही तशीच. फळ हवं असेल तर जुलै.

गावात वेनुझियुम नावाचं छोटेखानी संग्रहालय आहे. त्याच्या वेळा मोजक्या आहेत, तेव्हा निघण्याआधी तपासा. आम्ही तपासल्या नव्हत्या.

मग नदीच्या काठाकाठाने दोनेक किलोमीटर चालत आग्सबाख मार्क्टला आलो. सपाट रस्ता आहे, उन्हाची टोपी हवी. इथे गंमत समजून घ्यायची ती नावांची. डाव्या काठावर आग्सबाख मार्क्ट, समोर उजव्या काठावर आग्सबाख डॉर्फ. डॉर्फ म्हणजे साधं गाव, मार्क्ट म्हणजे बाजार भरवायचा हक्क मिळालेलं. आपल्याकडे मौजे आणि कसबे म्हणतात ना, अगदी तेच. एकाच नावाची ही जोडी आज दोन वेगळ्या नगरपालिकांत आणि दोन वेगळ्या जिल्ह्यांत आहे, मार्क्ट क्रेम्सच्या ग्रामीण जिल्ह्यात आणि डॉर्फ मेल्कच्या. मध्ये डॅन्यूब, आणि तिच्यावर इथे पूल नाही. मेल्कचा पूल सोडला की पुढचा थेट मौटर्नला. समोरचं घर दिसतं, अंगणातलं वाळत घातलेलं धुणं दिसतं, पण जायचं तर अर्धा दिवस मोडतो.

आणि समोर बघण्यासारखं आहे बरंच. नदीपासून सुमारे ३०० मीटर उंच कड्यावर आग्श्टाइनचा किल्ला. क्युनरिंग घराण्याचा, पुढे उद्ध्वस्त झाला आणि १४२९ मध्ये योर्ग श्चेक फोम वाल्ड या सरदाराने पुन्हा उभारला. जकात वसूल करायची जागा म्हणून ही उंची नामी. दंतकथा अशी की तो कैद्यांना कड्याच्या एका अरुंद कपारीवर सोडायचा, भूक नाहीतर उडी एवढेच पर्याय, आणि त्या कपारीला म्हणायचा ‘गुलाबाची छोटी बाग’. डॉर्फच्या मागे दरीत १३८० साली स्थापन झालेला कार्थुझियन मठ आहे, मौनव्रती साधूंचा. सम्राट योझेफ दुसऱ्याने १७८२ मध्ये तो बंद केला. हे दोन्ही करायचं असेल तर मेल्कहून उजव्या काठाने वेगळा दिवस ठेवा. एकाच दिवसात दोन्ही काठ हा हट्ट आम्ही केला आणि सोडला. अगदीच ओलांडायची हौस असेल तर खाली श्पिट्सला जा: तिथून आर्न्सडॉर्फला जाणारी होडी तारेला बांधलेली आहे आणि इंजिनाशिवाय, निव्वळ प्रवाहाच्या जोरावर पलीकडे जाते.

हा प्रवाह राहिला आहे हेही सहज घडलेलं नाही. ऑस्ट्रियातली डॅन्यूब म्हणजे जलविद्युत धरणांची माळ. मोकळी वाहते ती दोनच ठिकाणी, व्हिएन्नाच्या पूर्वेला आणि इथे वाखाऊत. इथेही धरणाचा घाट होता. स्थानिकांनी विरोध केला आणि १९८० च्या दशकात तो बारगळला. २००० साली युनेस्कोच्या यादीत नाव आलं. मोकळ्या नदीची किंमतही लोक मोजतात: २००२ आणि २०१३ चे पूर इथल्या प्रत्येकाच्या बोलण्यात येतात. घराच्या भिंतीवर पाण्याच्या खुणा दिसल्या तर शेजारी उभे राहून बघा. एक खूण माझ्या डोक्याच्या वर होती.

दुपारी हॉयरिगरमध्ये बसलो. हे द्राक्षउत्पादकाच्या घरचं खानपान. दारावर डहाळी लटकवली असेल तरच उघडं समजायचं. शाकाहारी मंडळींनी जरा जपून. ब्रेटलयाउझे म्हणून फळकुटावर जे येतं ते मुख्यतः मांस. श्माल्त्सब्रोट म्हणजे चरबी लावलेला पाव. लिप्टावर मागा, लाल तिखटाचं चीजसारखं वाटण असतं, पावाला लावून झकास. गोडात मारिलेनक्न्योडेल, म्हणजे आत अख्खा जर्दाळू घातलेला उकडलेला गोळा, वर भाजलेला पावाचा चुरा. मोदकाचा दूरचा चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मुलीला विचारलं, कुठून आलात? भारतातून, विलेनडॉर्फ बघायला, म्हटल्यावर ते हसले. “ती तर व्हिएन्नात आहे,” म्हणाले. “आमच्याकडे भोक उरलंय.”

परतीचं नीट ऐका. रविवारी बस विरळ असते आणि वेळापत्रकावर कामाचे दिवस व सुट्टीचे दिवस यांचे रकाने वेगळे असतात. मी चुकीचा रकाना वाचला. थांब्यावर दीड तास काढला. दुकानं रविवारी बंद, तेव्हा पाणी आणि खाऊ आधीच घ्या. बाटली नळावर भरली तरी चालते, पाणी चांगलं असतं. याउअरलिंग डोंगराच्या (९६० मीटर) बाजूच्या रानवाटा चढणार असाल तर पूर्ण पॅंट घाला आणि रात्री अंगावर गोचीड तपासा, ऑस्ट्रियात त्यांच्यापासून मेंदूज्वराचा धोका आहे. आम्ही बसने मेल्कला आणि तिथून सांक्ट प्योल्टनला गाडी बदलून व्हिएन्नात परतलो.

मूर्ती बघायला मंगळवारी संग्रहालयात गेलो. निसर्ग-इतिहास संग्रहालय मंगळवारी बंद असतं. बुधवारी पुन्हा गेलो. छोट्या अंधाऱ्या दालनात ती एकटी आहे: चेहरा नाही, डोक्यावर वेणी की टोपी यावर वाद, पाय खाली निमुळते होत गेलेले, त्यामुळे स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही. तांबड्या गेरूचे अंश अजून आहेत. मुलगी बूट बघत होती. शिवणीत पिवळी धूळ अडकली होती.

जर्दाळूचा जॅम घेतलात तर चेक-इनच्या सामानात टाका. केबिन बॅगेत तो द्रवपदार्थ धरतात. आमच्या दोन बाटल्या विमानतळावरच राहिल्या.