चार सागवानी गुटके

गाडी चालू केली की स्पीकरमधून कुईं येते. ॲक्सिलरेटर दिला की चढते, सोडला की उतरते. आम्ही तिला शिट्टी म्हणतो. बावीस वर्षं ठाण्यात गाड्यांना म्युझिक सिस्टिम बसवतोय. शिट्टी नुसती ऐकून ती कुठून येते ते सांगतो, अशी वागळे इस्टेटात माझी ख्याती आहे. ख्याती अर्थात मीच पसरवलेली. म्हणून मागच्या महिन्यातली ती मारुती डोक्यातून जात नाहीये.

१९९७ची मारुती ८००, एमएच-०४, पासिंग तीनदा वाढवलेलं, गाडी मात्र चकाचक. काका वीज खात्यातून रिटायर झालेले. मागच्या सीटवर मरीन प्लायचा ट्रे, त्यात सहा इंची कागदी कोनचे दोन स्पीकर. कापडी पिशवीत जुना डायलवाला रेडिओ आणि घरी बनवलेला ॲम्प्लिफायर. म्हणाले, "केलंय सगळं मी. फक्त सीटखाली वाकून बसवायला गुडघे साथ देत नाहीत. तेवढं तुम्ही करा."

घरच्या मालाला मी शक्यतो हात लावत नाही. बिघडला तर नाव आपलं जातं आणि त्यात कमाईही नसते. पण ॲम्प उघडून बघितला आणि जरा गप्प झालो. आवाज वाढवणाऱ्या दोन आयसी, टीडीए २००५, एका बाजूला एक, दोन्ही ब्रिजमध्ये, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारा ॲम्पच चालवतो, एकही अर्थवर नसते. आयसी गार ठेवणारा हीटसिंक हातानं कापलेला, कानसून कडा मारलेल्या. सोल्डर असं चकचकीत की आमच्या पोऱ्याला दाखवायला फोटो काढून ठेवला. पोऱ्याचं सोल्डर म्हणजे चिमणीनं शिटल्यासारखं.

तरी तोंड गप्प बसेना. "काका, याचे वॅट किती?"

"वीस-वीस."

मी हसलो. माझ्याकडे येणारी पोरं दोन हजार वॅट लिहिलेला खोका घेऊन येतात, बारा इंची वूफर लावतात आणि घोडबंदर रोडला नंबर प्लेट खडखडवत फिरतात. खरं सांगायचं तर ते आकडे किती खोटे असतात ते मला ठाऊक आहे. डेकवर, म्हणजे डॅशबोर्डातल्या प्लेअरवर, ५० गुणिले ४ (चार स्पीकरना पन्नास-पन्नास वॅट) लिहितात आणि मागं फ्यूज असतो १० अँपिअरचा. १४.४ व्होल्ट गुणिले १० म्हणजे १४४ वॅट, तेही आत जाणारे. मग बाहेर २०० येतात कुठून? चार ओहमच्या स्पीकरला डेक प्रामाणिकपणे वीसच्या आसपास देतो, म्हणजे काकांच्या ॲम्पएवढेच. हे गिऱ्हाइकाला मी कधी सांगत नाही. सांगितलं तर दुकानाचं भाडं कोण भरणार?

मग नेहमीप्रमाणे माल दाखवला. टच स्क्रीन, क्लास डी ॲम्प, तळहाताएवढा, गरमही होत नाही. काका म्हणाले, "लावून दाखवा, पण माझा रेडिओ आधी चालू करा." रेडिओ बॅटरीवर लावला, डायल ५५८ वर आणला. मीडियम वेव्हवर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी, कसली तरी शेतीची मुलाखत चालू होती. त्याच बॅटरीवर शेजारी माझा क्लास डी ॲम्प चालू केला, आणि मुलाखत गेली. नुसती खर्रर्र. बंद केला, मुलाखत परत आली.

"तुमचा ॲम्प सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो," काका म्हणाले. "त्याचा कचरा मीडियम वेव्हवर पडतो. माझा नाही होत. म्हणून वीस वॅट."

बावीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला मी विचारलं नव्हतं की बाबा, तू ऐकतोस काय. वॅट किती पाहिजेत, एवढंच विचारायचं.

फिटिंगचं मी मन लावून केलं, ते कुणी नाकारू नये. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. वायर शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याच्या नावानं विकतात, ब्लेडनं खरवडली की आतून पांढरी निघते. स्पीकरच्या चारही तारा थेट ॲम्पपर्यंत नेल्या. जुन्या गाड्यांत स्पीकरची एक तार बॉडीला देऊन मोकळं व्हायची सवय असते. ब्रिज ॲम्पला तसं केलं की आयसी जायची भीती. मग पेन्सिल सेल घेऊन स्पीकरला टोचला: प्लस प्लसला लागला की कोन बाहेर उडी मारतो. एक बाहेर, एक आत निघाला. म्हणजे एकाची तार उलटी. तशीच राहिली असती तर बेस गायब झाला असता आणि दोष काकांच्या स्पीकरवर गेला असता. ते मला बरं वाटलं असतं का, हा वेगळा प्रश्न.

ॲम्पची मायनस काकांच्या सांगण्यावरून रेडिओच्याच अर्थवर नेली, डॅशबोर्डच्या मागं. मला ते उगाच लांबण वाटलं. ॲम्प सीटखाली ठेवायला त्यांनी चार सागवानी गुटके दिले होते. प्रत्येकात दोन भोकं, जरा तिरकस, एकमेकांना न भिडणारी: एका भोकातला स्क्रू वरून हीटसिंकला, दुसऱ्यातला खालून बॉडीला. देवघराच्या सुताराचं काम वाटावं असं. मी म्हटलं, हे काय, याच्यानं ॲम्प हलेल. गुटके टोपलीत टाकले आणि हीटसिंक सरळ चार स्क्रूनी फ्लोअरला आवळला. घट्ट. देखणा.

गाडी चालू केली आणि शिट्टी.

रेडिओचा व्हॉल्यूम शून्यावर केला, तरी शिट्टी तेवढीच. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. व्हॉल्यूमनं कमी होत नाही म्हणजे आवाज व्हॉल्यूमच्या पुढं शिरतोय, म्हणजे ॲम्प. तर्क बरोबर होता, आणि तिथंच मी फसलो. तरी खात्रीसाठी मल्टिमीटर एसीवर टाकून बॅटरीवर बघितलं. चाळीस मिलिव्होल्ट. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा डायोड गेला असता तर याच्या दहापट दिसलं असतं. मग काकांना सांगितलं, "घरगुती ॲम्पला हे व्हायचंच," आणि रेडिओ आणि ॲम्पच्या मधे ४५० रुपयांचा ग्राउंड लूप फिल्टर लावला, दोन जागच्या अर्थमुळं येणारा आवाज अडवणारा. शिट्टी थोडी दबली, पण गेली नाही. फिल्टरमधून निघाल्यावर रेडिओचा बेसही पातळ झाला. तीन तास गेले. काका स्टुलावर बसून चहा घेत होते. एकदाही "माझा ॲम्प बरोबर आहे" म्हणाले नाहीत. ते मला जास्त लागलं.

शेवटी म्हणाले, "अहो, एक मिनिट. ते चार स्क्रू काढा आणि गाडी चालूच ठेवा." काढले. त्यांनी वाकून, गुडघ्याला हात देत, ॲम्प दोन बोटांनी वर उचलला.

शिट्टी बंद.

खाली टेकवला, चालू. उचलला, बंद. तीनदा केलं. चौथ्यांदा मी केलं.

या आयसीची धातूची पाठ आतून मायनसला जोडलेली असते. हीटसिंक पत्र्याला लागला की ॲम्पला दुसरी अर्थ मिळते. अल्टरनेटरचा करंट बॉडीतून परतताना पत्र्याच्या दोन टोकांत किंचित व्होल्टेज पडतं, तेच शिट्टी होऊन आवाजात शिरतं. सगळी अर्थ एका जागी नेण्यामागं तेच होतं, गुटक्यांमागंही तेच आणि तिरक्या भोकांमागंही तेच. काकांनी वहीच्या पानावर पेन्सिलनं आकृती काढून दिली होती. ॲम्पभोवती चौकोन आणि खाली लिहिलेलं: पत्र्याला लागू देऊ नये. तो कागद सकाळपासून डॅशबोर्डवर होता, त्यावर माझा टेस्टर ठेवलेला.

फिल्टर काढला, पैसे परत दिले. काकांनी ते घेतले, मोजले, खिशात ठेवले. "असू दे" वगैरे म्हणाले नाहीत. बरं केलं.

चाचणीला कळवा, विटावा करत ऐरोलीकडं गेलो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली स्टेशन बुडालं, बाहेर आल्यावर तरलं. पुढं हाय टेन्शनच्या तारांखाली मोठी घरघर सुरू झाली आणि मी सवयीनं डॅशबोर्डखाली हात घातला. काका म्हणाले, "राहू द्या. हा आवाज आमच्या खात्याचा."

तीन गुटके टोपलीत सापडले. चौथा पोऱ्यानं कचऱ्यात नेला असावा. त्या जागी एमडीएफचा तुकडा कापून लावलाय. एमडीएफ ठाण्याच्या पावसात फुगतो. काकांना सांगितलंय, जूनच्या आधी एकदा गाडी घेऊन या.