तुम्ही विचारलंत म्हणून : तंबूवाल्यांना चहा कशाला?

"आपण रीतसर व्हिसा काढून आलो, कर भरतो. त्या तंबूवाल्यांसाठी तू कशाला धावतेस?" डब्लिनच्या गणपतीत हेच, सासरच्या फोनवर हेच. आता एकदाच लिहिते.

आश्रय मागणं हीसुद्धा रीतच आहे हो. माउंट स्ट्रीटवर आश्रयाचे अर्ज घेणारी सरकारी कचेरी होती, तिथे अर्ज देऊन ती तंबूतली मुलं त्याच कचेरीच्या भिंतीला तंबू लावून राहत होती, कारण ४ डिसेंबर २०२३ पासून एकट्या पुरुषांना निवारा देणं सरकारने थांबवलं होतं. पहिले सहा महिने काम करायला मनाई. भाड्याची खोली घ्यावी म्हणाल, तर पगार असूनही आपल्याला किती महिने लागले ते आठवा.

मीही तेव्हा म्हणायचे, जागाच नाही तर सरकार तरी काय करेल! चहा न्यायचे ती नुसती दया म्हणून.

फेब्रुवारीतली संध्याकाळ, दिवसभर पाऊस. एक अफगाण मुलगा, विशीतला, हिंदी बरं बोलायचा. स्लीपिंग बॅग पिळली तर पाणी गळत होतं. म्हणाला, "बाजी, आप के घर मशीन है? बस एक रात. सुबह ले लूंगा." मी म्हटलं, घरमालक चालवून घेत नाही. तो लगेच "कोई बात नहीं" म्हणाला आणि माझा रिकामा कप दोन्ही हातांनी परत दिला. बोटं सुरकुतलेली, पांढरी पडलेली. घरमालकाने कधीच काही म्हटलं नव्हतं. लेकाचा युनिफॉर्म ज्या मशीनमध्ये फिरतो, तिच्यात मला ती बॅग नको होती. खरं कारण एवढंच. दुसऱ्या दिवशी नवी बॅग घेऊन गेले, तर त्या जागी दुसऱ्याच कुणाचा तंबू. त्याचा पत्ता कुणालाच नव्हता.

१ मे २०२४ ला ते सगळे तंबू उचलले. थोड्याच दिवसांत कालव्याकाठी नवे लागले, तेही उचलून तिथे कुंपण घातलं. ऑगस्ट २०२५ मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने सांगितलं की जागा संपली ही सबब चालणार नाही, माणसाच्या मूलभूत गरजा भागवायलाच हव्यात. खटला आयर्लंडमधल्याच दोघांचा. एक अफगाण, दुसरा भारतीय. "आपली माणसं" कोण, हे मला विचारताना तो दुसरा लक्षात असू द्या.

अपराधीपणातून करतेस, असं नवरा म्हणतो. असेलही. आज कुणी ओली बॅग पुढे केली तर घरी नेईन का? नेईन, असं लिहायला घेतलं होतं. दोनदा खोडलं.