हर्गेसाला सोमालिया म्हणू नका

माझ्या मुंबईतील बँकेने नुकताच परदेशातील पत्ता नव्याने मागवला. सोमालियापासून वेगळे झालेल्या, पण भारताने मान्यता न दिलेल्या सोमालीलँडमध्ये मी राहतो; अर्जातील देशांच्या यादीत ते नसल्यामुळे नाइलाजाने ‘सोमालिया’ निवडावे लागले आणि लगेच विचारणा झाली, की सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत, माझे काम काय आणि पैसा येतो कोठून. मोगादिशू मी पाहिलेलेही नाही. मी सोमालीलँडच्या राजधानीत, हर्गेसात, एका खासगी रुग्णालयाचे हिशेब सांभाळतो आणि माझा व्हिसा सोमालीलँडच्या सरकारने दिलेला आहे.

घरच्यांना हा फरक किरकोळ वाटतो, पण येथील माणसाच्या तो जिव्हारी लागतो. ब्रिटिश सोमालीलँड 26 जून 1960 रोजी स्वतंत्र झाले आणि 1 जुलैला आपखुशीने पूर्वीच्या इटालियन सोमालियात विलीन झाले. पुढे 1988 मध्ये सोमालियाचे हुकूमशहा सियाद बारे यांच्या राजवटीने हर्गेसावर बाँबफेक केली, तीही याच शहराच्या विमानतळावरून उडणाऱ्या विमानांनी. त्यांतले एक मिग आज भर चौकात स्मारक म्हणून चौथऱ्यावर आहे. 18 मे 1991 रोजी सोमालीलँडने विलीनीकरण मोडले, ते 1960 चीच सीमा परत मागून. त्यामुळे आफ्रिकेतील जुन्या सीमा बदलू नयेत, हे तत्त्व सोमालीलँडविरुद्ध वापरणे मला पटत नाही. आफ्रिकी संघाच्या 2005 च्या पाहणी पथकानेही हे प्रकरण इतरांहून वेगळे मानले होते. आणि मुंबईला तर हा प्रदेश परका वाटूच नये: 1898 पर्यंत येथील कारभार एडनमार्गे ब्रिटिश हिंदुस्थानकडे होता आणि 1941 पर्यंत येथे रुपया चालत असे.

मला सर्वाधिक कौतुक आहे ते येथील पैशाच्या व्यवहाराचे. पैसे बदलून देणारे लोक रस्त्याच्या कडेला शिलिंगच्या नोटांच्या थप्प्या विटांसारख्या रचून बसतात आणि नमाजाची वेळ झाली की त्यांवर कापड टाकून निर्धास्त उठून जातात. शेजारची टोमॅटोवाली मात्र नोटा मोजत बसत नाही. फळीवर रंगाने लिहिलेल्या तिच्या क्रमांकावर आपण ‘झाद’ या मोबाइल सेवेने, साध्या बटणांच्या फोनवरून, इंटरनेटशिवाय पैसे पाठवतो आणि संदेश वाजला की ती पिशवी पुढे करते. झाद 2009 मध्ये सुरू झाले, आपले यूपीआय 2016 मध्ये. यूपीआयचा मला अभिमान आहे, पण त्यामागे रिझर्व्ह बँक होती. येथे, जगातील बहुतेक बँकांनी पाठ फिरवलेली असताना, एका दूरध्वनी कंपनीने हे करून दाखवले.

पुण्यात नोकरी नव्हती का, असे आई अजून विचारते. येथे मी रात्री बाजारातून चालत घरी येतो, हे तिला खरे वाटत नाही. सगळे आलबेल आहे असे नाही: 2023 मध्ये पूर्वेकडील लास अनोद शहरातील संघर्षात पुष्कळ माणसे गेली आणि 2022 मध्ये व्हायची अध्यक्षीय निवडणूक नोव्हेंबर 2024 पर्यंत लांबली. तरीही त्या निवडणुकीत विरोधी उमेदवार जिंकला आणि तत्कालीन अध्यक्षांनी सत्ता शांतपणे सोपवली.

फुटीरतावादाची झळ सोसलेल्या भारताने मान्यतेबाबत जपून पावले टाकावीत, हे मला समजते. परंतु मतपेटीतून सरकार बदलणाऱ्या या लोकांना सरसकट चाचे ठरवणारे संदेश आपल्या नातेवाइकांच्या गटात फिरतात, तेव्हा मी गप्प बसत नाही आणि यापुढेही बसणार नाही.