दरवर्षीची डागडुजी

विकिमेनिया म्हणजे विकिपीडिया आणि त्याच्या भावंड प्रकल्पांवर काम करणाऱ्या स्वयंसेवकांचा दरवर्षीचा मेळा. त्याच्या आठवणी निघाल्या की आधी गावांची नावं येतात. २००५ साली फ्रँकफर्टच्या युवक वसतिगृहात हा मेळा पहिल्यांदा भरला. २००८ साली तो अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात गेला आणि २०१६ साली एसिनो लारिओला. इटलीतल्या कोमो सरोवराच्या वर, डोंगरात वसलेलं, हजाराच्या आत वस्तीचं ते खेडं. त्या दिवसांत तिथे गावकरी जास्त की पाहुणे, असा प्रश्न पडावा. भाषणं मात्र कुणाच्या फारशी लक्षात राहत नाहीत. लक्षात राहतं ते बाजूच्या खोलीतलं लांब टेबल, पायांत येणाऱ्या वायरी, आणि ‘हा संदर्भ तुझ्याकडे उघडतोय का?’ हा कुठल्या ना कुठल्या भाषेत सतत कानावर पडणारा प्रश्न.

अपवाद एका भाषणाचा. २००६ साली हार्वर्डच्या विधी विद्यालयात विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी सांगितलं की लेखांची संख्या पुरे, आता दर्जाकडे बघा. वेळ नेमकी साधली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्रजी विकिपीडियाने दहा लाख लेखांचा टप्पा ओलांडला होता. आणि आदल्याच वर्षी जॉन सीगेन्थेलर या अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचं नाव जोडणारा खोटा मजकूर घातला होता, तो मे ते सप्टेंबर तसाच राहिला. संदर्भ नाही, लेखावर कुणाचं लक्ष नाही, मग खोटं टिकायला अडचण कसली? त्या डिसेंबरात ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियात दर लेखामागे साधारण चार चुका निघाल्या, ब्रिटानिका या ज्ञानकोशात साधारण तीन. ब्रिटानिकाने ही तपासणीच अमान्य केली, आणि वर्तमानपत्रांना ‘जवळजवळ बरोबरी’ असा मथळा मिळाला. टेबलावरच्या मंडळींना मात्र त्या चारांचीच काळजी.

तेव्हापासून संदर्भ दुरुस्त करणं हा मेळ्यातला न छापलेला कार्यक्रम झाला. काम दिसतं तसं सोपं नाही. दुवा मेला म्हणून नवखा माणूस तो पुसून टाकतो, आणि इथेच पहिली चूक होते. कारण मेलेल्या दुव्यातही शीर्षक, लेखक, तारीख हे माग शिल्लक असतात. दुवा तसाच ठेवायचा आणि वेबॅक मशीन या जुन्या पानांच्या संग्रहात त्याची जुनी प्रत शोधायची. तिथेही सगळ्यात ताजी प्रत घेण्याचा मोह होतो. ती बऱ्याचदा ‘पान सापडले नाही’ याचीच प्रत असते, किंवा पत्ता विकला गेल्यावर तिथे आलेल्या जाहिरातींची. म्हणून मूळ संपादकाने ते पान ज्या दिवशी पाहिलं, त्याच्या जवळची तारीख निवडायची. मग प्रत उघडून लेखातलं वाक्य तिथे खरोखर आहे का, हे वाचायचं. ही पायरी सगळेच गाळतात. शेवटी साच्यात, म्हणजे संदर्भ नोंदवायच्या ठरावीक नमुन्यात, जतन केलेला दुवा, जतन केल्याची तारीख आणि मूळ दुव्याची स्थिती, या तीन जागा भरायच्या.

सांगकाम्यांनी, म्हणजे आपोआप संपादनं करणाऱ्या प्रोग्रॅम्सनी, यातला मोठा भार उचलला हे खरं. वेबॅक मशीन चालवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हने २०१८ साली जाहीर केलं, तेव्हा तुटलेल्या नव्वद लाखांहून अधिक दुव्यांना जुन्या प्रती जोडून झाल्या होत्या. पण सांगकाम्या एका ठिकाणी हमखास फसतो. संकेतस्थळाची रचना बदलली की काही ठिकाणी जुना दुवा गुपचूप मुखपृष्ठावर नेऊन सोडला जातो. यंत्राला वाटतं, पान उघडलं म्हणजे दुवा जिवंत. माणसालाच कळतं की बातमीच्या जागी भलतंच आलं आहे. अशा दुव्यांच्या याद्या करून ते वाटून घेणं हे मेळ्यात बसून करायचं काम, कारण एकट्याने केलं तर तासाभरात कंटाळा येतो.

कोआटीचा किस्सा या टेबलावर नव्या माणसाला सांगितलाच जातो. कोआटी हा अमेरिका खंडातला रॅकूनच्या कुळातला प्राणी. २००८ साली एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून त्याच्या लेखात ‘ब्राझिली आर्डव्हार्क’ असं टोपणनाव घातलं. काही वर्षांत ते वर्तमानपत्रांत छापून आलं, आणि मग छापून आलंय म्हणून तेच लेखाला संदर्भ म्हणून जोडलं गेलं. साप आपलीच शेपूट गिळत बसला होता. अशा जागी तपास उलट्या दिशेने करायचा. आधी लेखाचा इतिहास उघडून ते विधान पहिल्यांदा कधी आलं ते पाहायचं, मग संदर्भाची प्रकाशन तारीख. संदर्भ नंतरचा असेल आणि त्याआधीचं कुठलंच छापील मूळ सापडत नसेल, तर वाक्य काढून चर्चा पानावर कारण लिहायचं. कारण लिहिलं नाही, तर आठवड्याभरात कुणीतरी भल्या मनाने ते परत आणून ठेवतो.

नवख्यांसाठीच्या संपादन शिबिरांत गोंधळ ठरलेला. खोलीत तीस जण, वायफाय एक, आणि सातव्या माणसाचं खातं उघडत नाही! एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून, चोवीस तासांत सहाच खाती काढता येतात. उपद्रवी लोकांसाठी घातलेलं हे कुंपण शिबिरालाच आडवं येतं. आयोजकांनी सवलत आधीच मागून ठेवावी, नाहीतर खाती काढून देण्याचा अधिकार असलेला एखादा जाणता सदस्य जवळ बसवावा. सगळ्यात सोपं म्हणजे लोकांना आदल्या दिवशी घरूनच खातं काढून यायला सांगणं, पण आमंत्रणात हे वाक्य टाकायचं दरवर्षी राहून जातं. मग सगळे उत्साहाने एकच लेख उघडतात आणि संपादन संघर्षाचा इशारा टेबलभर फिरतो. प्रत्येकाला वेगळा विभाग दिला की ते थांबतं. नव्या लेखाचा पहिला खर्डा धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावरच करावा. थेट मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रत्यक्ष ज्ञानकोशात, दोन ओळी टाकल्या, तर शिबिर संपायच्या आत लेखावर ‘पान काढा’ची पाटी लागते आणि नवा माणूस परत दिसत नाही.

संदर्भ जोडणाऱ्या नवख्याला आणखी एक अडथळा असतो. नव्या खात्यावरून बाहेरचा दुवा टाकला की वेडीवाकडी अक्षरं ओळखायला सांगणारं कोडं पुढे येतं. डोळस माणूस चरफडत ते सोडवतो. पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या अंध संपादकाला मात्र तिथे भिंतच लागते. विश्वासार्हता आणि सुगम्यता, म्हणजे अपंगांनाही सहज वापरता येणं, ही दोन वेगळी दालनं नाहीत, हे या एका कोड्याने जितकं पटवलं तितकं कुठल्या सादरीकरणाने नसेल.

सुगम्यतेची सत्रं पूर्वी लहान खोलीत, दुपारच्या सुस्तीच्या वेळी व्हायची. तरी जे गेले त्यांना ती विसरता येत नाहीत. कुणीतरी पडदावाचक सुरू करून एखादा नावाजलेला, ताऱ्याचं मानचिन्ह मिरवणारा लेख ऐकवतो. सरावलेल्या वापरकर्त्याचा वेग असा की बाकीच्यांना शब्दही पकडता येत नाहीत. मग वेग कमी होतो आणि लेखाची लक्तरं ऐकू येऊ लागतात. पर्यायी मजकूर म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन. तो नसलेल्या चित्राच्या जागी संचिकेचं नाव, म्हणजे ‘डीएससी शून्य शून्य चार सात दोन’. यादीतल्या दोन ओळींमध्ये कुणी डोळ्यांना बरं वाटावं म्हणून एक रिकामी ओळ सोडलेली असते. विकीच्या दृष्टीने तिथे यादी संपते आणि नवी सुरू होते. त्यामुळे पडदावाचक ऐकवत राहतो: यादी, एक घटक, यादी समाप्त, यादी, एक घटक. बारा ओळी असल्या तर बारा वेळा. चर्चा पानावर उत्तर आत सरकवताना कुणी अपूर्णविराम (:) वापरतो, कुणी तारका (*). एकाखाली एक मिसळले की तोच तमाशा.

दुरुस्त्या मात्र लहान आहेत, आणि तेच या सत्रांचं सुख. रिकामी ओळ काढा. ठळक अक्षरांनी मथळ्याचं सोंग आणू नका. दोन बरोबर चिन्हांचा मथळा, त्याखाली तीन, मधली पातळी गाळायची नाही, कारण पडदावाचक वापरणारे मथळ्यांवरून उड्या मारत वाचतात. तक्त्याला नाव द्या आणि शीर्षकाच्या चौकटींना ‘स्कोप’ लावा, म्हणजे ‘४१२’ ऐकताना ते कुठल्या स्तंभातलं आणि कुठल्या रांगेतलं हेही कळतं. हरलेले तांबडे आणि जिंकलेले हिरवे, असं नुसत्या रंगावर भागवू नका. सोबत एखादी खूण किंवा शब्द हवा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५ ला १ हवा. लेखाच्या कडेच्या माहितीचौकटींना पक्षाचे किंवा संघाचे रंग फासायची हौस इथे नडते. मजकुरात परभाषेतलं वाक्य आलं की भाषेचा साचा लावायचा, नाहीतर देवनागरी दिसली म्हणून मराठी ओळ हिंदी आवाजात वाचली जाऊ शकते.

पर्यायी मजकुरावर सगळ्यात जास्त वाद रंगतात. चित्राखालची ओळ तशीच उचलून ठेवली तर ऐकणाऱ्याला तेच दोनदा ऐकावं लागतं. ‘यांचे छायाचित्र’ अशी सुरुवातही नको, चित्र आहे हे पडदावाचक सांगतोच. एक-दोन वाक्यांत जे डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं. व्यक्ती थोर होती की नाही, ते लेखात. नकाशा असेल तर त्यातला प्रत्येक रस्ता नव्हे, नकाशा ज्यासाठी लावला आहे ती गोष्ट सांगायची.

२०२० चा मेळा बँकॉकला व्हायचा होता, महामारीत तो रद्द झाला. २०२१ आणि २०२२ चे पडद्यावर भरले. टेबल गेलं, हळहळ झाली. पण व्हिसा आणि तिकीट यांत अडकून कधीच न आलेले लोक तिथे पहिल्यांदा दिसले, आणि ज्यांना प्रवासच झेपत नाही तेही. २०२३ साली सिंगापूरला पुन्हा प्रत्यक्ष भेट झाली, तेव्हा ऑनलाइनचं दार बंद न करता ते उघडं ठेवलं गेलं. पुढे पोलंडमधलं कातोवित्से, मग नैरोबी, तिथेही तसंच.

समारोपाच्या आधी इथरपॅड या ऑनलाइन वहीतली सामाईक टिपणं कुणीतरी एका पानावर उतरवून ठेवतो. अर्धवट राहिलेल्या याद्यांपुढे नावं लिहिली जातात. मग पायऱ्यांवर सगळ्यांचं एकत्र छायाचित्र निघतं आणि संध्याकाळच्या आत कॉमन्स या विकिमीडियाच्या चित्रसंग्रहावर चढतं. बॅगा भरता भरता टेबलावरचं कुणीतरी ते मेळ्याच्या पानावर लावायला घेतं, पर्यायी मजकुराची जागा रिकामी दिसते, आणि शेकडो चेहऱ्यांचं एका वाक्यात काय करायचं यावर दाराशीच पुन्हा वाद सुरू होतो.