फाइल नेमकी कुठे ठेवावी?

ईमेलसोबत आलेला एक अहवाल थेट तिथूनच उघडून, त्यात दोन तास दुरुस्त्या करून मी समाधानाने 'सेव्ह' केले होते. दुसऱ्या दिवशी मात्र ती फाइल काही केल्या सापडेना, कारण अशी जोडलेली फाइल बरेचदा 'टेम्प' या तात्पुरत्या फोल्डरात उघडते आणि तेथील सामग्री केव्हाही पुसली जाऊ शकते. तेव्हापासून मी आधी 'सेव्ह अ‍ॅज' करतो आणि मगच कामाला लागतो.

'डाउनलोड्स'लाही मी कायमची जागा मानत नाही. विंडोजमधील 'स्टोरेज सेन्स' या डिस्कवरची जागा आपोआप मोकळी करणाऱ्या साधनाला तशी मुभा दिलेली असल्यास ते 30 किंवा 60 दिवस न उघडलेल्या फाइली तेथून काढून टाकते. डेस्कटॉप सोयीचा खरा, पण तो सहसा सी ड्राइव्हवरच असतो आणि विंडोज नव्याने टाकताना तो ड्राइव्ह फॉरमॅट केला, की डेस्कटॉपवरचे सारे काही त्याच्यासोबत जाते.

म्हणून माझ्या फाइली डी ड्राइव्हवरील एकाच फोल्डरात असतात. अर्थात, सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असल्याने डिस्क बिघडल्यास दोन्ही एकदम गमावण्याचा धोका राहतोच; त्यासाठी दर शनिवारी त्या फोल्डरची प्रत मी बाह्य हार्ड डिस्कवर घेतो. केवळ क्लाउडशी जुळवलेल्या फोल्डरावर मी विसंबत नाही, कारण इकडे चुकून पुसलेली फाइल तिकडूनही पुसली जाते आणि कचरापेटीतून ती परत मिळवण्याची मुदतही मर्यादितच असते.