जीप तापली की स्टिअरिंग जड का होत होते

माझ्या जुन्या जीपला पॉवर स्टिअरिंग बसवून घेतले, त्याला आता दीड वर्ष होईल. चाके वळवणारा स्टिअरिंग बॉक्स एका गाडीचा, त्याला दाबाने ऑइल पुरवणारा पंप दुसरीचा, ऑइलची टाकी जिथे जागा सापडली तिथे आणि नळ्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मापाने कापून जोडलेल्या, असा तो संसार आहे. पावसाळा आणि हिवाळा त्याने निमूट काढला. सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला आणि तक्रार सुरू झाली. सकाळी होटगी रोडला एका हाताने फिरणारे स्टिअरिंग अर्ध्या तासाने सात रस्त्याला येईपर्यंत दोन्ही हातांनी ओढावे लागे, आणि पार्क चौकात गाडी लावताना बॉनेटखालून रेड्यासारखा हुंकार येई.

"मालक, पंप गेलाय बघा," असे मिस्त्रींनी ऐकताक्षणी सांगितले आणि मीही फार विचार न करता पंप बदलला. चौथ्या दिवशी हुंकार परत आला. कारखान्यातून आलेल्या गाडीत सगळे भाग एकमेकांसाठीच घडवलेले असतात, त्यामुळे तिथे बिघडलेला भाग शोधणे हीच तपासणी असते; जोडकामाच्या गाडीत मात्र प्रत्येक भाग सुटा तपासला तर निर्दोष निघतो आणि दोष दोन भागांच्या मधल्या जोडणीत दडलेला असतो, हे मला नव्या पंपाचे पैसे मोजल्यावर उमगले.

मग पंप आणि बॉक्स यांच्यामध्ये व्हॉल्व्हसह प्रेशर गेज लावले. व्हॉल्व्ह बंद करून दाब पाहायचा तो पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ नाही, नाहीतर पंप जळतो. थंड असताना गेजचा काटा ८५ बारवर (बार हे दाबाचे एकक) स्थिर राहिला. गाडी तापल्यावर तोच काटा थरथरत ५० च्या आसपास घुटमळू लागला. पंप फिरवणारा पट्टा सरकत असता तर चिरकी शीळ ऐकू आली असती. हुंकार आणि थरथरता काटा ही जोडी ऑइलमध्ये हवा शिरल्याची खूण असते. टाकीचे झाकण उघडले तर लाल ऑइलवर गुलाबी फेस आला होता.

तरीही खाली ऑइलचा एक थेंबही सांडलेला नव्हता आणि सगळ्यांची फसगत झाली ती इथेच. पंपाच्या पुढची, दाबाची नळी गळली तर ऑइल बाहेर येते. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीत मात्र ओढ असते, त्यामुळे तिथली सैल क्लिप ऑइल बाहेर सोडण्याऐवजी हवा आत घेते. ती नळी तापलेली असताना मी अंगठ्याने दाबली, तर ती भाजलेल्या वांग्यासारखी दबली. काढून उभी चिरल्यावर आतला थर सुजून मधले भोक पेन्सिलीएवढे उरलेले दिसले. ती मुळात रेडिएटरच्या पाण्याची नळी होती. त्या रबराला गरम पाणी चालते, पण खनिज तेलात ते फुगते आणि मऊ पडते. ऑइलला टिकणारी नळी आणि नव्या क्लिपा लावल्या, टाकीही पंपाच्या पातळीच्या वर घेतली. पुढची चाके घोडीवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा फिरवत आणि मध्ये मध्ये ऑइल भरत राहिलो. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू केले.

याच वेळी दुसरी गोष्ट हाताला लागली. इंजिन बंद आणि चाके अधांतरी असतानाही स्टिअरिंगच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा, ठरावीक जागी अडखळ येत होती. पंप फिरतच नव्हता, तेव्हा त्याला दोष देण्याचा प्रश्नच नव्हता. बॉक्स मूळ जागेपासून बाजूला बसवल्याने स्टिअरिंगचा दांडा दोन क्रॉस, म्हणजे कोनातही फिरणारे सांधे, लावून वळवलेला आहे. कोनात बसलेला क्रॉस एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद फिरतो. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे आणि मधल्या दांड्याच्या दोन टोकांचे, क्रॉसला धरणारे दुबेळके काटे एका रेषेत असले तरच ती कमीजास्त गती एकमेकांना पुसून टाकते. आमचे काटे दांड्यावरच्या खाचांमध्ये जोडताना दोन दाते चुकले होते. खूण करून दांडा काढला, नीट बसवला आणि अडखळ गेली.

त्यानंतर भर मे महिन्यातल्या दुपारी तुळजापूरला जाऊन आलो, घाटातही हुंकार आला नाही. काढून ठेवलेला जुना पंप मागच्या रविवारी हौसेने पुन्हा बसवून पाहिला. गेजवर तोही ८५ च दाखवतो.