आफ्टरग्लोचा शेंडा कापला तेव्हा

खालचं पान वाळून कागदासारखं झालं तर आता मी घाबरत नाही. एचेव्हेरिया, म्हणजे जाड, रसाळ पानांची ही कुंडीतली वनस्पती, खालून जुनी पानं टाकते आणि मधून नवी काढते, तिची वाढ अशीच होते. पण त्या सकाळी जे पान पिवळं दिसलं ते खालचं नव्हतं, मधल्या फेरीतलं होतं. पिवळंही धड नाही, तर पाणी भरलेल्या पिशवीसारखं फुगलेलं आणि आरपार दिसणारं. नुसतं बोट लागलं आणि ते हातात आलं. बुडाशी तपकिरी, ओला डाग होता.

झाड आफ्टरग्लो, एचेव्हेरियाचाच एक मोठा संकर. जांभळट गुलाबी पानं, त्यांना जास्त उजळ कड, आणि सगळ्यावर पांढुरक्या मेणाचा पिठासारखा थर. तीन वर्षांत त्याचं रोझेट, म्हणजे फुलासारखा गोल पानांचा झुबका, ३२ सेंटिमीटर रुंद झालं होतं. मी त्याच्यावर फार जीव लावला होता. कुंडी उचलतानाही पानाला बोट लागू नये म्हणून जपायचे, कारण ते मेण एकदा पुसलं गेलं की त्या पानावर पुन्हा येत नाही. नव्या पानावरच नवं मेण. बोटाचा ठसा पान गळेपर्यंत तसाच राहतो.

इतकं जपूनही सड लागली कशी, हे मला शोधायचंच होतं. एक कारण लगेच सापडलं. आदले काही दिवस घाईत मी वरून पाणी घातलं होतं. मोठ्या रोझेटचा मध्य म्हणजे वाटीच. लहान एचेव्हेरियात पडलेला थेंब तासाभरात सुकतो, पण मोठ्या, खोलगट पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी रात्रभर तसंच राहतं, आणि त्या दिवसांत हवाही कोंदट होती. दुसरं कारण खोडाशी होतं. वाळलेली पानं मी कधी काढलीच नव्हती. खोडाभोवती त्यांचा झगा तयार झाला होता. तो हळूहळू सोडवला तर आत ओल, आणि पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके, म्हणजे मिलीबग, रस शोषणारी कीड. वरून झाड देखणं दिसत होतं आणि खाली हे चाललं होतं.

या वनस्पती मूळच्या कुठे वाढतात हे नीट वाचल्यावर पाण्याचा मुद्दा मला खऱ्या अर्थाने कळला. मोठ्या पानांच्या अनेक संकरांमागे जिचं रक्त आहे ती गिबिफ्लोरा ही एचेव्हेरियाची जात मेक्सिकोतली. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला पेद्रेगाल दे सान आंखेल नावाचा लाव्हाच्या खडकांचा जुना प्रदेश आहे, तिथे ती दगडांच्या फटीत उगवते. फटीत, कड्यावर वाढलेलं रोझेट तिरकं असतं, त्यामुळे पाऊस पडला तरी पाणी ओघळून जातं. आपण तेच रोझेट सपाट कुंडीत सरळ आकाशाकडे तोंड करून बसवतो. तेव्हापासून मोठी एचेव्हेरिया मी कुंडीत जराशी कलतीच लावते. दिसायला विचित्र वाटतं, पण वाटीत पाणी थांबत नाही.

(एचेव्हेरिया हे नाव एका चित्रकाराचं, हेही त्याच वाचनात समजलं. अतानासियो एचेव्हेरिया यांनी १८व्या शतकाच्या अखेरीस स्पॅनिश मोहिमेसाठी मेक्सिकोतल्या वनस्पती रंगवल्या, आणि १८२८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी या वंशाला (जीनसला) त्यांचं नाव दिलं. वनस्पतींच्या नावांत चित्रकाराला अशी जागा मिळालेली पाहून मला मनापासून आनंद झाला.)

वाचवायचं तर शेंडा कापायचा, दुसरा मार्ग नव्हता. आदल्या रात्री मला झोप लागली नाही. तीन वर्षांचं झाड आपल्या हाताने दोन तुकडे करायचं.

पातं स्पिरिटने पुसून घेतलं. आधी खालच्या दोन फेऱ्यांची पानं एकेक करून डावी-उजवीकडे हलवत सोडवली, म्हणजे कापायला खोड मोकळं झालं. मग पहिला काप. खोडाचा छेद पाहिला आणि पोटात खड्डा पडला. कडेचा भाग हिरवट पांढरा, पण मधोमध तपकिरी वर्तुळ. म्हणजे सड वर चढत होती. पातं पुन्हा पुसलं, एक सेंटिमीटर वर दुसरा काप. वर्तुळ लहान झालं, पण होतं. पुन्हा पुसलं, तिसरा काप. आता नुसता एक ठिपका. चौथ्या कापाला छेद स्वच्छ आला, काकडीच्या चकतीसारखा ओला, फिकट हिरवा, एकही डाग नाही. शेंड्याखाली जेमतेम दोन सेंटिमीटर खोड उरलं होतं. प्रत्येक कापानंतर पातं पुसायचा कंटाळा करू नका, नाहीतर खालची सड तुम्हीच वर नेऊन लावता. आणि ठिपका लहानच आहे म्हणून तिथे थांबू नका. लांब खोड राहावं या मोहात मी तिसऱ्या कापाला थांबणार होते.

मिलीबगसाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बारीक कुंचला बुडवून फक्त पुंजक्यांना लावला. पानभर फवारलं की कीड मरते, पण मेणही जातं.

कापलेला शेंडा एका रिकाम्या पेल्याच्या तोंडावर ठेवला. पानं काठावर टेकलेली, खोड आत अधांतरी. असं ठेवलं की जखमेला हवा लागते आणि रोझेटचा आकारही बिघडत नाही. उजेड भरपूर, पण थेट ऊन नाही. नवव्या दिवशी छेदावर कोरडी, टणक खपली धरली होती. पाणी एक थेंबही नाही. खालची पानं थोडी मऊ पडली, सुरकुतली, आणि माझा हात सारखा पाण्याकडे जायचा. पण ही झाडं पानांत साठवलेल्या पाण्यावर आठवडेच्या आठवडे काढतात. शिवाय त्यांची पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाणी फारसं उडून जात नाही. सुरकुतलेलं पान पुन्हा भरतं, सडलेलं खोड भरत नाही.

दहाव्या दिवशी शेंडा कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवला. मिश्रणात निम्म्याहून जास्त प्यूमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) आणि जाडसर खडी, उरलेलं कुजलेलं पानखत. पूर्वीच्या कुंडीत कोकोपीट जास्त होतं, वरून सुकलेलं दिसायचं आणि आतून ओलं राहायचं. साधारण तीन आठवड्यांनी शेंडा जरासा उचलून पाहिला. खपलीच्या कडेने गुलाबी रंगाची पाच-सहा मुळं, दोऱ्याएवढी, टोकाला पांढरी. त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला बोलावून ती दाखवली. त्यानंतरच कुंडीच्या कडेने पहिलं पाणी दिलं, आणि पुढचं पाणी मिश्रण तळापर्यंत सुकल्यावर.

सोडवलेल्या पानांचंही सांगायला हवं, कारण इथे बऱ्याच जणांची निराशा होते. लहान एचेव्हेरियाचं पान मातीवर ठेवलं की पिल्लू, म्हणजे नवं रोपटं, येतं, म्हणून मी ती अकराही पानं ओळीने मांडली. चार सडली. सात पानांना छान मुळं आली, आणि महिनोन्‌महिने नुसती मुळंच राहिली. पिल्लू एकालाही नाही. मोठ्या गिबिफ्लोरा वळणाच्या जातींत हे नेहमीचंच. त्यांच्यासाठी फुलाच्या दांड्यावरची छोटी पानं वापरावीत. पुढच्या बहरात दांड्यावरची आठ पानं अलगद काढून ठेवली, त्यांतल्या तिघांना पिल्लं आली.

आणि बुंधा. खालून सड लागलेला तो तुकडा मी टाकूनच देणार होते. पण जमिनीलगतचा भाग कापून पाहिला तर तिथे खोड निरोगी होतं, सड मधेच, झग्याखालच्या ओलीत सुरू झालेली. मग मधला सडका भाग काढून टाकला आणि मुळांसकट उरलेला चार सेंटिमीटरचा खुंट तसाच ठेवला. पान एकही नाही, म्हणून पाणी अगदी नावाला. दीड महिना काही हललं नाही. मग जिथे पूर्वी पानं होती त्या खुणांवर मोहरीएवढे हिरवे ठिपके उमटले. एक, मग तीन, शेवटी पाच.

त्या पाचांपैकी दोघांना तीन-चार सेंटिमीटरची झाल्यावर कापून वेगळ्या कुंड्यांत लावलं. तिघं अजून खुंटावरच आहेत, एकमेकांना ढकलत कडेला कललेली. कापून लावलेला शेंडा आता २५ सेंटिमीटरचा आहे. सावलीतून उन्हात नेताना मी दोन आठवडे घेतले, रोज थोडं जास्त ऊन, तरी एका पानावर भाजल्याचा तपकिरी पट्टा आलाच. ते पान आता तिसऱ्या फेरीत सरकलंय. खालची दोन वाळली, ती मी परवाच काढली, आणि खोडाभोवती बोट फिरवून पाहिलं. कोरडं होतं.